चर्च आणि मशीद यांच्या मधली भिंत : तिच्यावर नेमके काय काढावे?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

सर्व सभासदांना नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात चित्रकलेचा शिक्षक आहे. आमच्या गावात रस्त्याच्या एका अंगाला चर्च आहे, दुसऱ्या अंगाला थोडे पुढे मशीद आहे, आणि दोन्हींच्या मधोमध शाळेच्या मैदानाची कुंपणभिंत येते. ती साधारण ६० फूट लांब आणि ७ फूट उंच आहे. मागच्या वर्षी फेस्ताची (चर्चच्या सणाची) मिरवणूक आणि संध्याकाळची नमाज एकाच वेळी आल्यामुळे ध्वनिवर्धकावरून बोलाचाली झाली. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ती त्याच रात्री मिटवली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले नाही. पण मैदानावर एकत्र खेळणारी मुले त्या दिवसापासून दोन टोकांना खेळू लागली, आणि ते मला रोज वर्गाच्या खिडकीतून दिसते. म्हणून मी फादरांना आणि मशिदीच्या जमातीच्या सदरसाहेबांना (अध्यक्षांना) भेटून, या भिंतीवर दोन्हीकडच्या मुलांनी मिळून चित्र करावे, अशी विनंती केली. दोघांनीही होकार दिला आणि पंचायतीची परवानगीही मिळाली.

अडचण आता सुरू झाली आहे आणि ती चित्राच्या विषयाची आहे. बैठकीत बहुतेकांनी सुचवले की एका बाजूला क्रूस असावा, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर, मध्ये हस्तांदोलन करणारे दोन हात आणि वर कबुतर. सूचना मनापासून आलेली होती, त्यामुळे तिला विरोध करणे मला जड गेले. तरीही क्रूस आणि चंद्रकोर शेजारी-शेजारी काढले की पाहणाऱ्याच्या मनावर आधी त्यांचे वेगळेपणच ठसते, असे मला वाटते. शिवाय कोणते चिन्ह उजवीकडे, कोणते डावीकडे, कोणते किती बोटे मोठे, याची मोजमापे दुसऱ्या दिवसापासून सुरू होतील, ही भीतीही आहेच.

याआधी जगात काय झाले आहे, ते मी काही महिने वाचत आहे. जेरुसलेममध्ये शहराच्या जुन्या विभाजनरेषेवर ‘म्युझियम ऑन द सीम’ नावाचे संग्रहालय आहे. २००० च्या सुमारास त्याने घेतलेल्या स्पर्धेसाठी पोलंडच्या प्योत्र म्लोदोझेनिएत्स या आरेखकाने ‘कोएक्झिस्ट’, म्हणजे ‘एकत्र नांदा’, हा इंग्रजी शब्द अशा रीतीने रेखाटला की पहिल्या अक्षराची चंद्रकोर झाली, मधल्या एका अक्षराचा दावीदाचा तारा झाला आणि शेवटच्या अक्षराचा क्रूस झाला. ते चित्र पुढे जगभर गेले. पॅरिसमध्ये कॉम्बो या नावाने भिंती रंगवणारा एक चित्रकार आहे. त्याचे वडील लेबनॉनचे ख्रिस्ती आणि आई मोरोक्कोची मुस्लिम. २०१५ च्या सुरुवातीला तो हाच शब्द रस्त्यावरच्या भिंतीवर लावत होता, तेव्हा चौघांनी त्याला तो काढून टाकायला सांगितले. त्याने नकार दिला आणि त्यांनी त्याला इतके मारले की त्याचा खांदा निखळला. त्याच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्याच्या घरात दोन्ही धर्म एका ताटात जेवत होते, त्याच्या हातून ते चिन्ह निघणे स्वाभाविकच होते. आमच्या गावात मात्र ते बाहेरून आणून लावल्यासारखे होईल.

मला अधिक शिकवून गेले ते कैरोचे काम. मोकत्तम टेकडीच्या पायथ्याशी मनशियत नासेर नावाची वस्ती आहे. तिथले बहुतेक लोक कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन पंथाचे, ख्रिस्ती आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या शहराचा कचरा गोळा करून, निवडून, त्यावर उपजीविका करतात. २०१६ मध्ये एल सीड हा ट्युनिशियन वंशाचा फ्रेंच मुस्लिम चित्रकार तिथे गेला आणि त्याने जवळजवळ ५० इमारतींच्या भिंतींवर मिळून एकच अरबी ओळ रंगवली. ती ओळ चौथ्या शतकातले अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस यांची आहे आणि तिचा आशय असा, की ज्याला सूर्यप्रकाश स्वच्छ पाहायचा आहे त्याने आधी आपले डोळे पुसावेत. अरबी सुलेखन म्हटले की आपल्याला कुराण आठवते. इथे एका मुसलमानाने त्याच लिपीत ख्रिस्ती संताचे वचन लिहिले. गल्लीत उभे राहिल्यास एकेका भिंतीवर रंगाचा एकेक तुकडाच दिसतो आणि ओळ पूर्ण पाहायची तर टेकडी चढावी लागते. त्या वस्तीकडे नाक मुरडणारे शहर त्यामुळे त्याच वस्तीतून वर गेले, आणि मला या कामाचे मोल तिथेच दिसते.

तिसरे उदाहरण नैरोबीचे आहे. २०१३ मध्ये तिथल्या वेस्टगेट व्यापारी संकुलावर हल्ला करणाऱ्यांनी मुसलमान कोण आणि बाकीचे कोण हे विचारून माणसे मारली होती. त्यानंतर काही वर्षांतच चित्रकार यझमनी आर्बोलेडा आणि केनियाच्या नबीला अलिभाई यांच्या पुढाकाराने किबेरा या दाट वस्तीतली काही चर्चे आणि मशिदी बाहेरून एकाच पिवळ्या रंगात रंगवण्यात आल्या, आणि ब्रश धरले ते दोन्ही प्रार्थनास्थळांत जाणाऱ्या माणसांनी. तिथे ना चिन्ह होते, ना अक्षर होते.

या तिन्हींपैकी आमच्या भिंतीला कोणता रस्ता मानवेल? आपल्या भागातल्या लोकांचे मत मला हवे आहे.

---

कॅम्पवासी

सर, आपली काळजी समजते, पण क्रूस आणि चंद्रकोर यांना आपण फार लवकर बाजूला सारत आहात, असे मला वाटते. १९१९ मध्ये इजिप्तमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा कॉप्टिक आणि मुसलमान माणसे चंद्रकोरीच्या कुशीत क्रूस असलेला झेंडा घेऊन एकत्र रस्त्यावर उतरली. पाद्री मशिदीत जाऊन बोलले आणि मौलवी चर्चमध्ये जाऊन बोलले. २०११ मध्ये तहरीर चौकात तेच चिन्ह भिंतींवर आणि फलकांवर पुन्हा आले. चिन्ह जुने झाले म्हणून ते पोकळ होत नाही. ते कोणी आणि कशासाठी हातात धरले, यावर त्याची किंमत ठरते.

आपल्या बेळगावशी जोडलेली एक गोष्टही इथे सांगावीशी वाटते. १९२४ च्या डिसेंबरमध्ये टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले, हे आपण सर्व जाणतो, आणि काँग्रेस विहीर आजही तिथे आहे. त्याआधी जेमतेम अडीच महिने गांधीजींनी दिल्लीत मौलाना महंमद अली यांच्या घरी दंगलींच्या वेदनेतून २१ दिवसांचा उपवास केला होता. ८ ऑक्टोबरला तो सुटला तेव्हा इमाम बावझीर यांनी कुराणातला आरंभीचा भाग म्हटला, चार्ल्स अँड्र्यूज यांनी क्रूसावरचे ख्रिस्ती भजन गायले आणि विनोबांनी उपनिषदातले मंत्र म्हटले. तिथे कोणी आपले चिन्ह लपवले नाही. प्रत्येकाने आपापले मोकळेपणाने म्हटले आणि बाकीच्यांनी ते ऐकून घेतले. बेळगावच्या कॅम्प भागात सेंट मेरी चर्च आणि असद खानाचा दर्गा दोन्ही आहेत आणि दोन्ही आपापल्या रूपात उभे आहेत. मुलांना आपापली खूण काढू द्यावी, असे माझे मत आहे.

---

निपाणीकरीण

मी मुस्लिम घरातली आहे आणि निपाणीत शिवणाचे वर्ग घेते. धागा वाचून दोन दिवस विचार केला.

कॅम्पवासी भाऊ म्हणतात त्यातली भावना मला पटते, पण मशिदीत जाणाऱ्या माणसाच्या नजरेतून दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. पहिली गोष्ट चेहऱ्यांची. हजरत ईसा आणि बीबी मरियम आम्हांलाही अत्यंत आदरणीय आहेत, परंतु पैगंबरांचे चित्र काढणे आमच्याकडे अदबीत बसत नाही. उद्या एखाद्या मुलाने मोठ्या प्रेमाने मरियम आणि तिच्या मांडीवर बाळ काढले, तर चर्चमधली माणसे आनंदित होतील आणि मशिदीतली माणसे गप्प होतील. दुसरी गोष्ट आयतीची. कोणी उत्साहाने कुराणातली ओळ भिंतीवर लिहायला सांगेल. रस्त्याच्या कडेच्या भिंतीवर धूळ बसते, चिखल उडतो, लोक थुंकतात आणि जाहिराती चिकटवतात. तिथे पवित्र अक्षर असले की रोज कोणाचे तरी मन दुखावेल.

मग दोघांचे असे काय आहे? माझ्या मते खजुराचे झाड. कुराणात एकोणिसावी सूरत (अध्याय) मरियमच्या नावाची आहे, आणि संपूर्ण कुराणात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. त्या सूरतीत असे येते की प्रसूतीच्या कळांनी मरियम एका खजुराच्या बुंध्याशी गेली, मरण आले असते तर बरे झाले असते असे म्हणाली, आणि तेव्हा तिला आवाज आला की दुःख करू नकोस, तुझ्या पायाखाली झरा आहे, हा बुंधा हलव म्हणजे ताजे पिकलेले खजूर तुझ्यावर पडतील. मी दोन बाळंतपणे सोसलेली बाई आहे, आणि हा भाग ऐकताना माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येते. रमजानमध्ये रोजा आम्ही खजुरानेच सोडतो. ख्रिस्ती बांधवांकडे झाडाचे काय आहे ते त्यांनीच सांगावे, पण झावळ्यांचा रविवार मला माहीत आहे.

झाडांच्या चित्रांनी मशीद सजवण्याची रीतही फार जुनी आहे. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत आठव्या शतकाच्या आरंभी केलेली कुट्टिमचित्रे आहेत, म्हणजे रंगीत काचेचे बारीक तुकडे बसवून केलेली चित्रे. त्यांत नदी आहे, घरे आहेत, मोठमोठी झाडे आहेत, आणि एकही माणूस किंवा प्राणी नाही. काम बायझंटाईन चर्चांतल्या कारागिरीच्या धाटणीचे आहे. त्याच मशिदीत हजरत यह्या, म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, यांची समाधी मानली जाते, आणि एका मिनाराला ईसाचा मिनार म्हणतात. २००१ च्या मे महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल तिथे गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप होते. त्या जागी आधी चर्च होते आणि ते पाडून मशीद उभी राहिली, हेही तितकेच खरे आहे आणि ते लपवून मला माझा मुद्दा मांडायचा नाही.

---

नंदगडकर

ताई, शेवटचे वाक्य आपण लिहिलेत म्हणून मला मोकळेपणाने लिहिता येते. मी कोंकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातला आहे.

झावळ्यांच्या रविवारी आम्ही चर्चमध्ये आशीर्वादित झालेली झावळी घरी आणतो. तिचा विणलेला लहानसा खुरीस (क्रूस) दारामागे किंवा ओट्यावरच्या तसबिरीला वर्षभर लावलेला असतो, आणि पुढच्या वर्षी त्याच वाळलेल्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख होते. आपल्याकडे खजूर नसल्यामुळे झावळी माडाची असते, पण येरुशलेमला लोक घेऊन निघाले होते त्या फांद्या खजुरीच्या होत्या. शिवाय प्राचीन ख्रिस्ती कथांमध्ये अशीही एक कथा आहे, की मिसरला पळून जाताना थकलेल्या मरियेसाठी बाळ येशूने खजुराच्या झाडाला वाकायला सांगितले आणि ते वाकले. ती कथा बायबलात नाही, तरी चित्रकारांनी ती शतकानुशतके रंगवली. आपण सांगितलेली सूरत वाचल्यावर मला ती लगेच आठवली. आमच्याकडची शिंदी खजुराचीच बहीण आहे; मुलांना नमुना म्हणून ओढ्याकाठची शिंदी दाखवता येईल.

लिपीबद्दल मात्र मी सर्वांना कळकळीने विनंती करतो की भिंतीवर एकही अक्षर नको. ‘शांती’ हा शब्द मराठीत लिहिला की कानडी का नाही असे कोणी विचारेल, दोन्हींत लिहिला की वर कोणती भाषा आणि खाली कोणती हा प्रश्न येईल, आणि मग उर्दू आणि रोमी कोंकणीही रांगेत येतील. आमच्या भागात एका संस्थेने चांगल्या हेतूने रंगवलेल्या फलकावरची अक्षरे पंधरा दिवसांत काळी झाली होती, आणि ज्यांनी ती काळी केली त्यांना फलकाच्या विषयाशी काहीही देणेघेणे नव्हते. सीमाभागात अक्षर हेच आधी भांडणाचे कारण असते, त्यामुळे शांततेचे चित्र मुके असणेच बरे.

आणखी एक माहिती कॅम्पवासी यांच्यासाठी देतो. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीचा आराखडा फ्रीडरिख सिलाबान या प्रोटेस्टंट ख्रिस्ती वास्तुरचनाकाराचा आहे. १९५५ च्या स्पर्धेत तो निवडला गेला आणि १९७८ मध्ये मशिदीचे उद्घाटन झाले. समोरच कॅथॉलिक कॅथीड्रल आहे. दोन्हींना जोडणारा २८.३ मीटरचा भुयारी रस्ता आता झाला आहे, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी मशिदीच्या इमामांसह त्याला भेट दिली. सिलाबान यांनी मशिदीवर आपला क्रूस कुठेही काढला नाही. त्यांनी दुसऱ्याच्या प्रार्थनेसाठी उत्तम जागा बांधून दिली, आणि माझ्या लेखी चिन्हांपेक्षा हे काम कितीतरी मोठे आहे.

---

तिसरे गेट

माझे मत थोडे कठोर वाटेल, परंतु ते मांडतो.

बोस्नियातल्या मोस्तार शहरात क्रोएट कॅथॉलिक आणि बोस्नियाक मुस्लिम यांच्यात युद्ध झाले. १५६६ मध्ये बांधलेला तिथला दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट तोफांनी पाडला. युद्ध संपल्यावर, २००५ च्या नोव्हेंबरमध्ये, तिथल्या तरुणांनी शहराच्या बागेत ब्रूस लीचा कांस्य पुतळा उभारला. त्यांचे म्हणणे असे होते की सर्वांनी लहानपणी ज्याचे सिनेमे पाहिले आणि जो कोणाच्याच बाजूचा नाही, असा हा एकच नायक उरला आहे. कल्पना बुद्धिमान होती, तिची जगभर वाहवाही झाली, आणि उभारल्यानंतर थोड्याच वेळात पुतळ्याची मोडतोड झाली. पुढे तो दुरुस्तीसाठी हलवला गेला आणि २०१३ मध्ये परत आला. जो कोणाचाच शत्रू नाही तो आपोआप दोघांचा मित्र होत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्याच भागात कित्येक शाळांत ‘एका छताखाली दोन शाळा’ अशी पद्धत युद्धानंतर रुजली. एकाच इमारतीत क्रोएट मुले आणि बोस्नियाक मुले वेगळ्या वर्गांत वेगळा अभ्यासक्रम शिकतात. त्या इमारतींच्या भिंतीवर कितीही सुंदर चित्र काढले तरी आत काय चालते ते बदलत नाही.

सरांच्या मैदानावर मुले दोन टोकांना खेळत आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की चित्र पूर्ण झाल्यावर ती कुठे खेळतील?

---

मलप्रभाकाठ

तिसरे गेट, आपला प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे, कारण या सगळ्या खटाटोपाची कसोटी तीच आहे.

मोस्तारचीच पुढची गोष्ट मात्र मला वेगळे सांगते. तो पूल परत बांधताना त्याच परिसरातला तेनेलिया दगड वापरला आणि जुन्या कारागिरीच्या पद्धती शोधून काढल्या. २३ जुलै २००४ रोजी तो पुन्हा खुला झाला. पूल रोज पायाखाली येतो आणि त्याच्यावरून कामाला जावे लागते, तर पुतळ्याकडे बघून पुढे जाता येते. आमची भिंत मुलांनी बघायची वस्तू राहिली तर ती पुतळ्यासारखी होईल. म्हणून आता विषयापेक्षाही मला पद्धतीचा विचार अधिक करावा लागेल, असे दिसते.

रंगाबद्दल एक शंका. किबेराचा पिवळा रंग मला आवडला होता. इथे चालेल का?

---

कॅम्पवासी

पिवळा नको. पिवळा आणि शेजारी चुकून जरी लाल आला तरी तो कर्नाटकाचा झेंडा होतो, आणि भगवा आला तर दुसऱ्या बाजूचा. हिरवा आणि निळाही आता कोणा ना कोणाचे झाले आहेत.

चिन्हांबाबतचा माझा आग्रह मी थोडा सैल करतो, पण सोडत नाही.

---

लाल माती

मी खानापूर परिसरात मातीकाम करतो. आमच्या घरात तिसऱ्या पिढीपासून चाक आहे. रंगाचा वाद वाचून असे वाटले की आपण रंग भिंतीवर लावायचाच कशाला? आपल्याच मातीच्या भाजलेल्या लाद्या बसवाव्यात. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे आणि म्हणूनच खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम प्रशिक्षण संस्था इथे आहे. भाजल्यावर जो तांबूस रंग येतो तो कोणत्याही झेंड्यावर नाही, आणि चर्चच्या छपरावरही तोच असतो, मशिदीच्या मागच्या घरांवरही तोच असतो.

व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण अशी कामे बहुधा हेतूच्या कमतरतेने नव्हे तर पाण्याने बिघडतात. जांबोटी-कणकुंबीकडून येणारा पाऊस बाहेरच्या रंगाला दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे आणतो. भिंतीत पाणी मुरते ते समोरून कमी आणि माथ्यावरून जास्त. त्यामुळे आधी भिंतीच्या माथ्यावर दोन्हीकडे उतार असलेला, दोन इंच पुढे आलेला थर बांधून घ्या. खालचा दीड फूट भाग मोकळा सोडा, कारण तिथे चिखल उडतो आणि लोणाही तिथेच आधी फुटतो.

लादी ६ इंच चौरस ठेवा आणि जाडी पाऊण इंचापेक्षा कमी नको. आपली माती वाळून-भाजून साधारण दहावा हिस्सा आकसते, म्हणून कापताना ती साडेसहा इंचांहून थोडी मोठी कापावी लागते. माती चाळून, भिजवून, गाळून घ्या आणि तीत थोडी बारीक रेती मिसळा, म्हणजे लादी कमी वाकेल. ओल्या लादीच्या पाठीवर खिळ्याने आडव्या रेघा ओढा, नाहीतर चुना-सिमेंट तिला धरणार नाही. वाळवणे सावलीतच, रोज उलटून, निदान दहा दिवस. उन्हात ठेवली की कडा वर उचलतात. भट्टी ९०० अंशांच्या पुढे जायला हवी. त्याहून कमी भाजलेली लादी पावसात झिजते. ५ फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच अशा एका झाडाला ११० लाद्या लागतील. माझ्या अनुभवाने २५ जास्तीच्या कराव्यात, काही भट्टीत तडकतात आणि काही पुढे भिंतीवर फुटल्यावर बदलायला लागतात.

आता तिसरे गेट यांच्या प्रश्नाबद्दल. एका मुलाला एक लादी आणि एक अख्खे पान असे वाटप करू नका. झाडाचे रेखाटन असे करा की प्रत्येक झावळी दोन किंवा तीन लाद्यांवरून जाईल आणि सांध्यावर तुटेल. मग शेजारच्या लाद्या दोन्हीकडच्या मुलांनी एकाच फळीवर, एकाच वेळी, समोरासमोर बसून कराव्या लागतात. जाडी जुळली नाही की पान जुळत नाही, आणि आपल्या लादीत दुसऱ्याच्या लादीखेरीज काही दिसतच नाही. हे त्यांना सांगावे लागणार नाही, हाताला कळेल. मी शनिवारी दुपारी येऊन शिकवायला तयार आहे. मोबदला नको, फक्त सरपणाची सोय गावाने करावी.

---

निपाणीकरीण

लाल माती दादा, फार समाधान वाटले. एक विनंती आहे. मुलींनाही बसवावे. आमच्याकडच्या मुली मैदानावर एरवीही येत नाहीत, त्यामुळे त्या दोन टोकांपैकी कोणत्याच टोकाला नसतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. माती मळायला शाळेच्या व्हरांड्यात बसायचे असेल तर आया पाठवतील. सर, सदरसाहेबांशी बोलताना हे आधीच बोलून घ्या.

---

नंदगडकर

राखण कोण करणार, हेही आत्ताच ठरवावे. आमच्या वाटेवरच्या खुरिसापाशी दिवा लावणारे एक घर ठरलेले असते, म्हणून तो टिकतो. ज्याला राखणदार नाही त्याच्यावर पहिल्या निवडणुकीत भित्तिपत्रके चिकटतात.

---

मलप्रभाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

फादर आणि सदरसाहेब यांच्यापुढे खजुराच्या झाडाची कल्पना मांडली. निपाणीकरीण ताईंनी सांगितलेला सूरतीचा भाग सदरसाहेबांनी स्वतः म्हणून दाखवला आणि त्याचा अर्थ मराठीत सांगितला. फादरांनी झावळ्यांच्या रविवारचे सांगितले आणि त्या दिवसाच्या झावळ्या यंदा मुलांना नमुना म्हणून देण्याचे कबूल केले. अक्षर नको, चेहरा नको, हे फार चर्चा न होता ठरले. भिंतीचा माथा बांधून देण्याचा खर्च पंचायतीकडे मागितला आहे, उत्तर आलेले नाही. चर्चमधल्या दोन ज्येष्ठांचा क्रूसाचा आग्रह अजून कायम आहे. कॅम्पवासी, तुमचा गांधीजींच्या उपवासाचा प्रसंग मी त्यांना सांगितला आणि तो त्यांना फार आवडला, त्यामुळे माझ्या बाजूने तो उपयोगी पडला असे म्हणता येत नाही. तो विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.

राखणीसाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चकडची दोन आणि मशिदीकडची दोन घरे भिंत धुतील आणि काही चिकटवलेले असल्यास काढतील, अशी पाळी लावली आहे. पाळीचा कागद शाळेत राहील.

गेल्या शनिवारी लाल माती दादा आले. सहा मुले आणि सहा मुली बसल्या आणि चाचणीच्या १२ लाद्या झाल्या. पहिल्या तीन सांध्यांवर झावळी जुळली नाही, कारण एकीने माती पातळ लाटली होती आणि समोरच्या मुलाने जाड. दादांनी त्या लाद्या मोडून पुन्हा एकत्र मळायला लावल्या, आणि दुसऱ्या वेळी त्या दोघांनी लाटणे एकच वापरले. दुपारी साडेचारला काम संपले तरी हात धुवायला एकच नळ असल्यामुळे सगळी मुले बराच वेळ तिथेच होती. तिसरे गेट, मैदानाच्या दोन टोकांबद्दल आज मी काही सांगू शकत नाही, कारण त्या दिवशी कोणी खेळलेच नाही.

लाद्या सध्या व्हरांड्यात सावलीला आहेत आणि पाळीने उलटल्या जात आहेत. दोन लाद्यांच्या कडा किंचित उचलल्या आहेत. दादा, त्या भट्टीत घालाव्यात की पुन्हा कराव्यात, ते कृपया शुक्रवारच्या आत कळवा.